स्पीड प्रोव्हायडरने उतरवला आहे की लाइनच भरली आहे, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. सकाळी स्पीड टेस्ट ९४-९५ दाखवते. रात्री ९ ते ११ मध्ये तीच टेस्ट ८-१० वर येते आणि व्हिडिओ अडकतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर दिवसभर २ च्या वर काही जात नाही. शिवाय घरात कुणी फोटोंचा क्लाउड बॅकअप लावला की व्हिडिओ कॉल तुटतो. प्रोव्हायडर म्हणतो, 'आम्ही काही लिमिट लावत नाही, राउटर बदला.' तर तो मुद्दाम स्पीड दाबतोय का?

या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. महिनाअखेरीला स्पीड जवळजवळ नक्कीच ठरवून उतरवला जातो. रात्री बहुधा कुठलीतरी सामाईक लिंक भरते. कॉल तुटतो तो बहुतेक वेळा तुमच्याच अपलोडच्या रांगेमुळे. 'मुद्दाम की नाही' यावर फोनवर वाद घातलात तर हाती काही लागणार नाही. डेटाचा तुकडा, म्हणजे पॅकेट, नेमकं कुठे थांबतं किंवा कुठे पडतं (हरवतं), एवढंच शोधा. ते घरबसल्या मोजता येतं.

आधी प्लॅनचा स्पीड येतो कुठून ते बघू. फायबर स्वतः १०० ला थांबत नाही. घरगुती फायबरच्या जीपीऑन पद्धतीत प्रोव्हायडरच्या ओएलटी या यंत्राच्या एका पोर्टवर (पीऑन पोर्टवर) खाली येणारे २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणारे १.२४४ जीबीपीएस असतात, आणि ते स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तुमचे १०० सहसा बीएनजी नावाच्या मोठ्या राउटरवर ठरतात. तुमच्या राउटरने युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन केलं की बीएनजी ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या रेडियस सर्व्हरला विचारतो, रेडियस तुमच्या खात्याचा प्रोफाइल पाठवतो आणि त्या सेशनवर, म्हणजे त्या लॉगिनवर, रेट लागतो. काही नेटवर्कमध्ये हे काम ओएलटीवर होतं, काही ठिकाणी लॉगिन नसतं आणि राउटरला पत्ता देणाऱ्या डीएचसीपीवर ओळख पटते. जागा बदलली तरी तत्त्व तेच. त्यामुळे 'लिमिट लावत नाही' हे उत्तर शब्दशः कधीच बरोबर नसतं. प्रत्येक सेशनवर एक रेट असतोच. आत्ता तो किती आहे, हे विचारायचं.

रेट लावण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींचा अनुभव ग्राहकाला अगदी वेगळा येतो. दोन्हींच्या मुळाशी टोकन बकेट असते: एका बादलीत ठरलेल्या वेगाने टोकन पडत राहतात, जेवढी टोकन शिल्लक तेवढे बाइट पुढे जातात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइटची टोकन. बादली किती खोल, त्यावर सुरुवातीला थोडा वेळ पूर्ण वेगाने किती डेटा जाईल ते ठरतं. काही प्लॅनमध्ये पहिले काही सेकंद स्पीड जास्त दिसून मग खाली बसतो तो यामुळेच. छोट्या स्पीड टेस्टला भलताच आकडा मिळण्याचं हेही एक कारण.

टोकन संपल्यावर पॅकेटचं काय करायचं, इथे फरक पडतो. शेपिंगमध्ये पॅकेट रांगेत थांबतं, टोकन आलं की जातं. ग्राफ सपाट दिसतो, थोडा विलंब वाढतो, पण डेटा सुरळीत येतो. पोलिसिंगमध्ये जास्तीचं पॅकेट तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. डेटा पोचवण्याचे नियम सांभाळणारा टीसीपी हे पडलेलं पॅकेट गर्दीची खूण समजतो, वेग झटक्यात कमी करतो आणि पुन्हा हळूहळू चढतो. ग्राफ करवतीच्या दातांसारखा होतो. बादली नीट खोल असेल तर पोलिसरही चांगलं काम करतो. पण १०० एमबीपीएसचा रेट, १०० मिलिसेकंद लांबचा सर्व्हर आणि बादली अवघी ५० किलोबाइट अशी जुळणी असली की एका कनेक्शनला (सर्व्हरशी जोडलेल्या डेटाच्या एका धाग्याला) १०० च्या जवळपासही जाता येत नाही, कारण त्या अंतरावर पूर्ण वेगासाठी एका वेळी १.२५ मेगाबाइट वाटेत असावे लागतात. मग आठ कनेक्शन उघडणारी स्पीड टेस्ट ९५ दाखवते आणि तुमचं एकच डाउनलोड २० वर रेंगाळतं. प्रोव्हायडरचा माणूसही स्पीड टेस्ट बघून 'सगळं ठीक आहे' म्हणतो, आणि त्याच्या जागी तो प्रामाणिकच असतो. बर्स्टची, म्हणजे बादलीच्या खोलीची, ही एक सेटिंग चुकल्यामुळे कितीतरी ग्राहक उगाच राउटर बदलत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता महिनाअखेर. २ एमबीपीएस हा आकडा गोल आहे, दिवसरात्र सारखा आहे, प्रत्येक सर्व्हरला सारखा आहे. हे कोटा संपल्याचं लक्षण, म्हणजे एफयूपी (फेअर यूसेज पॉलिसी). बीएनजी ठरावीक अंतराने, सहसा काही मिनिटांनी, तुमच्या सेशनचे वापरलेले बाइट रेडियसकडे कळवतो. बेरीज कोट्याच्या वर गेली की रेडियस चालू सेशनवरच 'प्रोफाइल बदला' असा संदेश पाठवतो. त्याला सीओए म्हणतात. हा संदेश पोचला नाही, तर जुना रेट पुढच्या लॉगिनपर्यंत तसाच राहतो. उलट दिशेनेही हेच होतं: नवीन महिना सुरू झाला, कोटा पुन्हा नव्याने मिळाला, पण सीओए हुकला म्हणून स्पीड २ वरच अडकलेला. अशा वेळी राउटरचं इंटरनेट कनेक्शन तोडून पाच मिनिटांनी परत जोडा. नवं लॉगिन झालं की नवा प्रोफाइल येतो. आधी कोटा कोणत्या तारखेला नव्याने मिळतो ते मात्र पाहून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो बिलाच्या तारखेला मिळतो, १ तारखेला नाही.

'आम्ही एवढं वापरतच नाही' असं वाटत असेल तर गुणाकार करून बघा. ५ एमबीपीएसचा एचडी व्हिडिओ तासाला २.२५ जीबी घेतो, २५ एमबीपीएसचा फोर-के ११.२५ जीबी. लोक विसरतात तो सततचा अपलोड. क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारा २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी, म्हणजे ३० दिवसांत ६४८ जीबी पाठवतो. कोट्यात अपलोड धरत असतील तर हा एकटा कॅमेरा पुरे. म्हणून प्लॅनच्या अटींत तीन ओळी शोधा: कोट्यात अपलोड धरतात का, कोटा संपल्यावर स्पीड किती राहतो, आणि तो परत कधी मिळतो.

मोजणीतही चुका होतात. रेडियसमधला बाइटचा मूळ काउंटर ३२ बिटांचा आहे. तो ४,२९,४९,६७,२९६ बाइटनंतर, म्हणजे साधारण ४.३ जीबीला, पुन्हा शून्यावर येतो. किती वेळा फिरला ते गिगावर्ड नावाच्या वेगळ्या काउंटरमध्ये लिहिलं जातं. बिलिंग सॉफ्टवेअरने हा दुसरा आकडा नीट वाचला नाही तर वापर कमी किंवा जास्त लागतो. ग्राहकाच्या दृष्टीने डाउनलोड म्हणजे बीएनजीच्या दृष्टीने आउटपुट, त्यामुळे दिशांची अदलाबदलही होते. तुमच्या राउटरवरचा मासिक आकडा आणि प्रोव्हायडरचा आकडा यांत थोड्या टक्क्यांची तफावत साहजिक आहे. पॅकेटवरचे पत्ते वगैरे लिहिलेले हेडर धरले जातात, परत पाठवलेली पॅकेट धरली जातात. शिवाय राउटर २ च्या घातांकांत मोजत असेल तर १००० जीबी त्याला ९३१ दिसतात. तफावत दीडपट-दुप्पट असेल तर मात्र लेखी हिशोब मागा, तारीखवार. तो त्यांच्याकडे असतो.

रात्रीच्या ९ ते ११ चा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि खरा राग तिथेच आहे.

कुठलाही प्रोव्हायडर १००० ग्राहकांना १००-१०० विकतो म्हणून वर १०० जीबीपीएस घेत नाही. तसं घ्यायची गरजही नसते, कारण सगळे एकाच सेकंदाला पूर्ण वेग वापरत नाहीत. समजा गर्दीच्या वेळी घरामागे सरासरी ३ एमबीपीएस लागतात. मग १००० घरांना ३ जीबीपीएस पुरतात आणि १० जीबीपीएसची लिंक ऐसपैस होते. ही वाटणी म्हणजे फसवणूक नव्हे, तिच्यावरच घरगुती इंटरनेट परवडतं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा ग्राहक तिप्पट होतात आणि लिंक तीच राहते. रोजच्या गर्दीत लिंक ७०-८० टक्क्यांवर पोचली की क्षमता वाढवायची वेळ झाली, असं आम्ही नेटवर्कवाले धरतो. कारण तो आकडा पाच मिनिटांची सरासरी असतो, आणि त्या पाच मिनिटांच्या आत कित्येक क्षण लिंक शंभर टक्के भरून पॅकेट पडत असतात.

संध्याकाळच मोठी का, याला खर्चाची बाजूही आहे. वरच्या नेटवर्ककडून घेतलेली बँडविड्थ पुष्कळदा ९५ व्या शतमानावर मोजतात: दर पाच मिनिटांचा एक नमुना, ३० दिवसांत ८६४० नमुने, त्यातले सर्वांत मोठे ४३२ वगळायचे आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्यावर बिल. वगळले जातात फक्त ३६ तास. रोजची चार तासांची गर्दी महिन्याला १२० तास होते. म्हणजे बिल गर्दीच्या तासांवरच ठरतं, पहाटे लिंक रिकामी असली तरी. त्यामुळे 'रात्री आवळा, दिवसा सोडा' असा मोह होतो.

आवळण्याची एक जुनी रीत बदनाम आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॉमकास्टने फाइल वाटण्याच्या बिटटोरंटची कनेक्शन बनावट रिसेट (कनेक्शन बंद करा सांगणारी) पॅकेट पाठवून तोडल्याचं उघड झालं, आणि २००८ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने त्याविरुद्ध आदेश काढला. तो आदेश २०१० मध्ये कोर्टात टिकला नाही, पण तोपर्यंत कंपनीने पद्धत बदलली होती. नवी पद्धत आरएफसी ६०५७ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे: कोणतं अॅप चाललंय ते बघायचं नाही, लिंक भरत आली असेल तरच, आणि त्या वेळी जो ग्राहक साधारण १५ मिनिटं आपल्या प्लॅनच्या ७० टक्क्यांहून जास्त ओढतोय, त्याच्या पॅकेटचा क्रम तात्पुरता मागे टाकायचा. मला हीच दिशा योग्य वाटते. आता बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असल्यामुळे अॅप ओळखणं तसंही अंदाजाचं काम झालं आहे, आणि अंदाज चुकला की भलत्याच माणसाचं काम अडतं.

म्हणून अॅपचा संशय शेवटी घ्या, आधी गर्दी तपासा. तपासणी अशी करा.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफाय नको. लिंक १००० एमबीपीएसवर जुळली आहे का बघा. केबलमधली एक जोडी तुटली असेल तर ती गुपचूप १०० वर येते. १०० च्या पोर्टवरही टीसीपीला ९४-९५ च मिळतात, कारण १५३८ बाइटच्या प्रत्येक फ्रेममध्ये कामाचा डेटा १४६० किंवा त्याहून थोडा कमी असतो. तुमच्या सकाळच्या आकड्यावरून ती मर्यादा प्लॅनची की पोर्टची, हे सांगता येत नाही. आज त्याने बिघडत नाही, उद्या २०० चा प्लॅन घेतलात तर बिघडेल.

मग सात दिवस नोंद ठेवा. प्रत्येक वेळी घरातली बाकी उपकरणं थांबवून चार आकडे लिहा: तुमच्या राउटरचा पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ), राउटरच्या पुढे प्रोव्हायडरचा जो पहिला टप्पा लागतो त्याचा पिंग, एका कनेक्शनचा स्पीड, अनेक कनेक्शनचा स्पीड. पिंग किमान १०० पॅकेटचे घ्या. तासातासाला टेस्ट लावायचा उत्साह मात्र आवरा. १०० एमबीपीएसवर दहा सेकंद डाउनलोड आणि तेवढाच अपलोड म्हणजे एका टेस्टला २५० एमबी. तासाला एक धरली तर आठवड्यात ४२ जीबी. सकाळी ७, दुपारी ३, रात्री ९ आणि १०:३० पुरेत.

आकडे वाचायचे कसे? घर शांत असताना, काहीही डाउनलोड चालू नसताना, रात्री पहिल्या टप्प्याचाच पिंग ४ मिलिसेकंदांवरून ६०-८० वर जात असेल आणि काही पॅकेट पडत असतील, तर गर्दी तुमच्या आणि त्या टप्प्याच्या मध्ये आहे: पीऑन पोर्ट किंवा ओएलटीची वरची लिंक. पहिला टप्पा शांत, पण बाहेरचे सर्व्हर रात्री मंद, तर गर्दी प्रोव्हायडरच्या वरच्या बाजूला आहे. कोटा संपून स्पीड उतरवला असेल तर चित्र उलटं असतं: रिकाम्या लाइनवर पिंग अगदी नीट, स्पीड मात्र सपाट २. ही एक खूण दोन्ही आजार वेगळे करायला सहसा पुरते. अनेक कनेक्शनचा स्पीड पूर्ण आणि एकाचा फारच कमी असेल, तर वर सांगितलेला उथळ बादलीचा पोलिसर किंवा वाटेत पॅकेट पडणं, यांपैकी काहीतरी.

मधल्या टप्प्यांचे आकडे दाखवणारं साधन वापरलंत तर एक काळजी घ्या. मधला एखादा राउटर २० टक्के लॉस (पडलेली पॅकेट) दाखवतो आणि त्याच्या पुढचे सगळे शून्य, तर तो लॉस खरा नाही. राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे टाकतात, पॅकेट पुढे पाठवायचं नाही. लॉस त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकला तरच तक्रारीत लिहा. हा एक चुकीचा स्क्रीनशॉट जोडला की समोरचा जाणकार इंजिनिअर बाकीची तक्रारही बाजूला ठेवतो.

काही साइट रात्रीही झकास आणि काही मरगळलेल्या, असं दिसलं तर लगेच 'निवडून दाबतात' म्हणू नका. यूट्यूब आणि नेटफ्लिक्सचे व्हिडिओच्या प्रती ठेवणारे कॅशे सर्व्हर पुष्कळ प्रोव्हायडरच्या नेटवर्कमध्येच बसवलेले असतात. तो डेटा भरलेल्या बाहेरच्या लिंकवरून येतच नाही. फास्ट डॉट कॉम ही टेस्टही नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून चालते, म्हणून ती उत्तम येऊनही बाकीचं जग मंद असू शकतं. प्रोव्हायडरच्या आतल्या सर्व्हरवरची स्पीड टेस्टही तशीच: ती तुमची जवळची लाइन मोजते, बाहेरची नाही. एक आतला आणि एक बाहेरचा सर्व्हर, दोन्ही मोजा.

व्हीपीएन लावल्यावर एखादं अॅप वेगवान झालं, तर तो पुरावा अर्धाच आहे. व्हीपीएनने ट्रॅफिकची ओळख लपते, पण रस्ताही बदलतो; जुना रस्ता नुसता भरलेला असू शकतो. त्यापेक्षा वेहे हे अॅप बरं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं. ते अॅपचं रेकॉर्ड केलेलं ट्रॅफिक एकदा जसंच्या तसं आणि एकदा ओळख पुसून, एकाच सर्व्हरशी चालवतं. दोन्हींत फरक वारंवार आला तर संशयाला जागा आहे.

आणखी एक सोंग आहे: स्पीड टेस्ट चांगली, पण नवी पानं उघडायला अडतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एक पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. प्रत्येक घराला ठरावीक पोर्ट (इथे कनेक्शनसाठीचे क्रमांक) मिळतात. टोरंट शेकडो कनेक्शन उघडतं आणि ते पोर्ट संपवतं. इलाज म्हणजे टोरंटमध्ये एकूण कनेक्शनची मर्यादा कमी करणं, किंवा प्रोव्हायडरकडे आयपीव्ही६ (पत्ता वाटून घ्यावा लागत नाही अशी नवी पद्धत) मागणं.

आता कॉल तुटण्याचं. इथे प्रोव्हायडरला फोन करण्याआधी घरातच दुरुस्ती होते. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि रांगेत १ मेगाबाइट मावतो. बॅकअपने ती रांग भरली की तुमच्या कॉलचं प्रत्येक पॅकेट ०.८ सेकंद मागे थांबतं. स्पीड पूर्ण वापरला जातोय, तरी कॉल मेलेला. याला बफरब्लोट म्हणतात. खात्री करायची तर अपलोड चालू ठेवून पिंग बघा: ५ चे ३००-८०० झाले तर हेच.

उपाय म्हणजे रांग आपल्या ताब्यात घेणं. एसक्यूएम (रांग सांभाळणारी सोय) असलेला राउटर घ्या, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरवर ते मिळतं, आणि त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांगेची पद्धत निवडा. रेट मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्के ठेवून सुरुवात करा, म्हणजे अपलोडला ९, डाउनलोडला ८५. मग पिंग बघत थोडा थोडा वाढवा. पिंग चढायला लागला की एक पायरी मागे या. पाच-दहा टक्के स्पीड यात जातो, आणि तो सोडण्यासारखा आहे. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, प्रोसेसरचा भार उचलणारं हार्डवेअर ऑफलोड बंद होतं, त्यामुळे साधा राउटर १०० ला पुरेल पण काहीशे एमबीपीएसला दमेल. रात्रीच्या गर्दीवर मात्र याचा उपयोग नाही. रांग पुढे दुसऱ्याच्या यंत्रात भरत असेल तर तुमचा ८५ चा आकडा तिथे पोचतच नाही.

माझा अंदाज तुमच्या वर्णनावरून आहे. पहिल्या टप्प्याचा पिंग रात्रीही शांत निघाला आणि स्पीड दररोज ठीक ९ ला उतरून ११ ला सरळ वर येत असेल, तर मी मत बदलेन. गर्दी हळूहळू चढते आणि उतरते, घड्याळाच्या ठोक्यावर नाही. ठोक्यावर बदलतो तो वेळेनुसार लावलेला प्रोफाइल.

तक्रार लिहिताना 'नेट स्लो आहे' असं लिहू नका. सात दिवसांचे आकडे वेळेसह जोडा, केबलवर मोजल्याचं लिहा आणि चार गोष्टी विचारा: (१) रात्री १० वाजता माझ्या सेशनवर कोणता प्रोफाइल आणि किती रेट होता; (२) या बिलाच्या काळातला माझा तारीखवार वापर किती, अपलोड वेगळा दाखवून; (३) माझ्या पीऑन पोर्टवर किती ग्राहक आहेत आणि त्या पोर्टचा व वरच्या लिंकचा गेल्या आठवड्यातला रात्रीचा वापर किती टक्के; (४) रेट शेपरने लावला आहे की पोलिसरने, आणि बर्स्ट किती. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कॉल घेणाऱ्याच्या स्क्रीनवर असतात. तिसऱ्याचा ग्राफ नेटवर्क टीमकडे असतो. पोर्ट भरलेला निघाला तर तुम्हाला दुसऱ्या स्प्लिटरवर किंवा पोर्टवर हलवता येतं का, तेही त्याच पत्रात विचारा. चौथ्याचं उत्तर मिळायला वेळ लागेल, पण एका कनेक्शनचा स्पीड कमी येत असेल तर तो प्रश्न सोडू नका.